संसर्ग कक्षातले अकरा जण

सिस्टरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. चौतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची एकोणीस त्यांनी संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात काढली होती. त्या वॉर्डाच्या दारातून त्यांनी एकदा एका बड्या सर्जनला परत पाठवलं होतं, कारण त्याने अंगावर झगा चढवला नव्हता. सर्जन म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे ना मी कोण आहे?" सिस्टर म्हणाल्या, "मला माहीत आहे. जंतूंना माहीत नाही." सर्जन झगा घालून आला. पुढे तो इस्पितळाचा प्रमुख झाला, पण त्या दाराशी आला की त्याचा हात आपोआप खुंटीकडे जायचा.

घरात त्या आणि त्यांचे यजमान, अशी दोनच माणसं. यजमान पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर त्यांनी अस्तित्वात नसलेल्या एका गावाची नळयोजना आखायला घेतली होती. गाव मनातलं असलं तरी त्यातल्या टाकीची उंची, उतार, व्हॉल्व्ह सगळं चोख. मुलगी लांबच्या शहरात. तिला यायला जमायचं नाही, आणि ज्या ज्या वेळी जमायचं नाही त्या त्या वेळी ती एखादी हुशार वस्तू पाठवायची. फोनवरून लागणारे दिवे आले, सांगितलं की बातम्या वाचून दाखवणारा स्पीकर आला, फरशी पुसणारा रोबो आला. यजमानांनी त्याचं नाव पुसण्या ठेवलं. सिस्टर कुरकुरल्या, पण पुसण्या पलंगाखालचा केर काढतो म्हटल्यावर गप्प बसल्या.

एक दिवस नेट रखडायला लागलं म्हणून नेटवाल्याला बोलावलं. पंचेचाळिशीचा, कमरेला पट्टा बांधलेला, वाकताना "आई गं" म्हणणारा माणूस. राउटरपाशी बसून त्याने आपल्या फोनवर यादी काढली आणि म्हणाला, "काकू, हळू चालणारच. चौदा जण आहेत."

"कुठे चौदा जण?"

"तुमच्या नेटवर."

"घरात आम्ही दोघं."

"दोघांचे दोन फोन धरा. उरले बारा."

सिस्टरांनी चष्मा लावला. नेटवाल्याने एकेक वाचून दाखवलं. दिवे चार. स्पीकर. टीव्ही. फ्रीज. प्रिंटर. दारावरची कॅमेऱ्याची बेल. पुसण्या. न्हाणीघराबाहेरचा वजनकाटा.

"वजनकाट्याला नेट कशाला लागतं?"

"तुमचं वजन वर पाठवायला."

"वर म्हणजे कुठे?"

नेटवाल्याने छताकडे बघितलं. त्यालाही नक्की माहीत नसावं. मग समजावून सांगायला लागला, की काकू, घाबरायचं कारण नाही, पण या छोट्या वस्तूंची कुलपं कच्ची असतात. कंपनी एकदा विकते आणि विसरून जाते. एखादीतून कोणी आत शिरला, की मग त्याच नेटवरच्या बाकीच्यांकडे जायला त्याला वेळ लागत नाही. दिव्यातून शिरला तो तुमच्या फोनपर्यंत पोचतो. "म्हणून हल्ली सांगतात, या सगळ्यांना वेगळ्या नेटवर ठेवा. तुमच्या राउटरमध्ये सोय आहे. त्यांचं त्यांना, तुमचं तुम्हाला."

हे ऐकताना सिस्टरांची पाठ हळूहळू ताठ होत गेली. सहा वर्षांत ती इतकी ताठ झालेली यजमानांनी पाहिली नव्हती.

"म्हणजे लक्षण नसलेला रुग्ण जनरल वॉर्डात झोपवलाय," त्या म्हणाल्या. "आणि तेही बारा-बारा."

"तसंच म्हणा."

"आणि हा शेवटचा कोण? नाव वाचलं नाहीत तुम्ही."

"नाव नाहीये त्याला. नुसते आकडे आणि अक्षरं." सिस्टरांनी घरभर नजर फिरवली. बाकीच्यांचा हिशेब लागत होता, बारावा काही सापडेना. यजमानांनी मिक्सर उलटा करून पाहिला. पंख्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी सिस्टरांनी निकाल दिला, "ज्याचा केसपेपर नाही, त्याला खाट नाही. घरच्या नेटचा पासवर्ड बदला. तो कोण असेल तो राहू दे बाहेर." आकडे मात्र त्यांनी वहीत उतरवून घेतले. अनोळखी रुग्णाचीही नोंद ठेवायची, ही सवय.

"नव्या नेटला नाव काय देऊ?" नेटवाल्याने विचारलं. "लोक 'पाहुणे' देतात."

"पाहुणे चार दिवसांनी जातात. 'संसर्ग कक्ष' लिहा."

नेटवाल्याने लिहिलं. पासवर्ड सिस्टरांनी स्वतः घातला, सगळ्यांकडे पाठ करून.

मग सुरू झाली भरती. नेटवाला वेगळं नेट लावून देऊन गेला, पण प्रत्येक वस्तूला जुनं विसरायला लावून नवं शिकवायचं काम दोघांच्या गळ्यात पडलं, आणि त्यात अख्खा दिवस गेला. दिवे पाच वेळा लावायचे, पाच वेळा बंद करायचे, की मग ते लुकलुकत आणि तेव्हाच ऐकून घेत. यजमान स्टुलावर उभे, सिस्टर बटणापाशी, "एक... दोन..." असं मोजत. तिसऱ्या दिव्याला सहा वेळा झालं आणि तो रागावल्यासारखा नुसताच पेटून राहिला. वजनकाट्याची तर अट अशी, की जोडणी होईपर्यंत त्याच्यावर अनवाणी माणूस उभा पाहिजे. यजमान अकरा मिनिटं उभे राहिले. शेवटी काटा म्हणाला, जोडणी झाली, वजन थोडं वाढलं आहे.

"ते स्टुलावरून उतरल्यामुळे असेल," यजमान म्हणाले.

फ्रीजला दार उघडं ठेवून पासवर्ड द्यावा लागला. तो "दार उघडं आहे" असं ओरडत राहिला आणि सिस्टर त्याला "गप झोप" म्हणत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत अकरा जण नव्या जागी गेले. सिस्टरांनी कपाटातून जुने पुठ्ठे काढले, प्रत्येकाचा एकेक तक्ता केला. नाव, जागा, भरतीची तारीख, कंपनी, शेवटचं अपडेट, तक्रार. फ्रीजच्या तक्रारीत लिहिलं, 'विचारल्याशिवाय बोलतो.' टीव्हीच्या, 'पाहणाऱ्यावर नजर ठेवतो, असं ऐकिवात.' तक्ते त्यांनी ज्याच्या त्याच्याजवळ टांगले. पुसण्याचा त्याच्या पाठीवर चिकटवला, त्यामुळे तो फिरता राहिला.

अडचण आली ती प्रिंटरची. यजमानांनी नव्या पंपघराचा नकाशा छापायला पाठवला, तर प्रिंटर दिसेचना.

"दिसणार कसा?" सिस्टर म्हणाल्या. "तो कक्षात आहे, तुमचा फोन घरात आहे."

"अगं, पण तो इथेच टेबलावर आहे! माझा हात लागतोय त्याला!"

"हात लागू नये म्हणूनच तर हे सगळं केलं."

दोघांत तडजोड झाली. भेटीची वेळ चार ते सहा. त्या वेळात यजमानांनी फोन संसर्ग कक्षाच्या नेटवर न्यायचा, छापायचं ते छापायचं, आणि सहाच्या ठोक्याला परत घरच्या नेटवर यायचं. पहिल्या दिवशी ते परत आले तेव्हा सिस्टरांनी विचारलं, "आलात ना घरच्या नेटवर?"

"आलो."

"मग हात धुवा."

"वायफायवरून आल्यावर हात कशाला धुवायचे?"

सिस्टर मोरीपाशी टॉवेल धरून उभ्या होत्या, तेव्हा यजमानांनी धुतले.

आता भिंतींना वायफाय अडत नाही, आणि इथेच पुढचा घोटाळा झाला. समोरच्या दारात एक गाणं शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांच्याकडे आलेल्या भाचीने नेट शोधायला फोन उघडला, तर यादीत सगळ्यात वर 'संसर्ग कक्ष'. चारही दांड्या भरलेल्या, म्हणजे अगदी जवळ. गाणाऱ्या बाईंचं धाबं दणाणलं. समोर कोण राहतं? सिस्टर. सिस्टर आधी कुठे होत्या? संसर्गाच्या वॉर्डात. याहून जास्त पुरावा काय हवा? त्यांनी वरच्या मजल्याला सांगितलं, वरच्यांनी खालच्यांना, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सबंध इमारत आपापल्या फोनमध्ये तो कक्ष शोधून बघत होती. तळमजल्यावर एक दांडी होती. तळमजल्याने सुटकेचा श्वास टाकला.

सिस्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना इतकंच दिसलं, की त्या लिफ्टमध्ये शिरल्या की बाकीचे जिन्याने जातात. दारात कोणीतरी गरम सूपचं भांडं ठेवून बेल वाजवून पळालं. कॅमेऱ्यात पाठ दिसली, गाणाऱ्या बाईंसारखी, पण तोंडाला फडकं बांधलेलं होतं. जिन्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी तर भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून त्यांना वाट दिली.

सिस्टर घरी आल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "इमारतीत साथ आलीय."

"कसली?"

"ते कळत नाहीये. पण सगळे तोंड बांधून फिरताहेत, जवळ येत नाहीत. आपल्याला सांगत नाहीत, कारण मी चौकश्या करेन. आजपासून तुम्ही बाहेर जायचं नाही." आणि त्यांनी कपाटातून स्वतःसाठी मास्क काढला, साधासुधा नव्हे, वॉर्डातला, आणि तो लावून खाली दूध आणायला गेल्या.

सिस्टरांना मास्कमध्ये पाहिल्यावर मात्र इमारतीची उरलीसुरली आशा संपली. आतापर्यंत निदान अर्धे लोक म्हणत होते, काहीतरी गैरसमज असेल. आता जिच्या शब्दावर इस्पितळ चालायचं तिनेच तोंड झाकलं! दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने कपडे भरून मावशीचं गाव गाठलं. आणि इमारत घाबरलेली बघून सिस्टरांनी हातमोजेही चढवले.

इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर, नेमके सिस्टरांच्या घराखाली, जिन्याच्या पोकळीला लागून राहत. सूचना लिहिण्याची त्यांना फार आवड. 'लिफ्टमध्ये शिंकू नये' अशी एक त्यांनी पहिल्याच दिवशी लावली. पण ते स्वतः फारसे घाबरले नव्हते. ते घाबरले तिसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या काचेच्या टाकीपाशी. नऊ सोनेरी मासे होते त्यांच्याकडे, आणि नऊही जण टाकीच्या एका कोपऱ्यात तोंड वर करून, कसेनुसे होऊन तरंगत होते. सेक्रेटरींनी टाकीवर टिचकी मारली. एकाने फक्त डोळा फिरवला.

"माशांना लागण झाली!" ते ओरडले आणि त्यांनी आरोग्य खात्याला फोन लावला.

दुपारी अधिकारी आले. बारीक, थकलेले, हातात फायलींची चळत. मागे दोन मदतनीस, पांढऱ्या झग्यात. सिस्टरांनी दार उघडलं. दोन्हीकडे मास्क, दोन्हीकडे हातमोजे. सिस्टरांना हायसं वाटलं, चला, साथीची दखल कोणीतरी घेतली.

"संसर्ग कक्ष तुम्ही चालवता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"रुग्ण किती?"

"अकरा."

अधिकाऱ्यांनी मदतनीसांकडे पाहिलं. मदतनीस एक पाऊल मागे सरले. "अकरा? या एवढ्या घरात? परवानगी कोणाची घेतलीत?"

"माझ्याच घरातल्यांना वेगळं ठेवायला परवानगी कशाला? तुम्ही आधी मला सांगा, इमारतीत रुग्ण किती?"

"ते तुम्ही सांगायचं!"

"मी सांगितलं की, अकरा. आता तुमचा आकडा सांगा."

अधिकाऱ्यांनी खोल श्वास घेतला, मास्कमधून जेवढा घेता येतो तेवढा. "बाई, रुग्ण दाखवा."

तेवढ्यात पुसण्या पाठीवर तक्ता घेऊन बाहेर आला, अधिकाऱ्यांच्या बुटाला धडकला, "क्षमा करा" म्हणाला आणि वळला. अधिकाऱ्यांनी वाकून तक्ता वाचला. नाव: पुसण्या. भरती: सोमवार. तक्रार: भिंतीला धडकतो, कोपरे विसरतो. मग ते सावकाश घरभर फिरले. फ्रीजचा वाचला, दिव्यांचे चार वाचले. वजनकाट्याच्या तक्त्यापाशी ते बराच वेळ उभे राहिले. यजमान खुर्चीतून उठून म्हणाले, "चार ते सहा भेटीची वेळ आहे. आत्ता तीनच वाजलेत, पण तुम्ही सरकारी आहात म्हणून चालेल."

सिस्टरांनी मग सगळं सांगितलं. चौदा जण, कच्ची कुलपं, वेगळं नेट. सांगता सांगताच त्यांच्या लक्षात आलं, की इमारत कशाला घाबरली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला यजमानांनी पाहिला. त्या खुर्चीत बसल्या आणि हातमोजे एकेक बोट ओढून काढत म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत माझ्या वॉर्डातून कधी साथ बाहेर गेली नव्हती हो. आणि इथे मी नुसत्या नावाने पसरवली."

"मग मासे?" अधिकारी म्हणाले. "सेक्रेटरी म्हणतात नऊ मासे आजारी आहेत."

मासे म्हटल्यावर सिस्टर उठल्या. रुग्ण आहे म्हटल्यावर बसून राहणं त्यांना जमत नसे. सगळे खाली गेले. सिस्टरांनी टाकीपाशी वाकून माशांचे कल्ले पाहिले, पोटं पाहिली, पाण्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "यांना काही झालेलं नाही. हे उपाशी आहेत."

"शक्यच नाही," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांना मशीन खाऊ घालतं. सकाळ-संध्याकाळ, आपोआप. नेटवर चालतं."

टाकीच्या झाकणावर एक डबी होती. तिचा बारका दिवा लाल लुकलुकत होता. सिस्टरांनी डबी उचलली, उलटी केली, खालचा आकडा बघितला आणि खिशातून वही काढली. बारावा सापडला.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "हे कोणाच्या नेटवर चालतं?"

सेक्रेटरींचा चेहरा माशांसारखा झाला. दोन वर्षांपूर्वी त्यांचं नेट बंद पडलं होतं, तेव्हा यजमानांनी त्यांना एका दिवसापुरता पासवर्ड दिला होता. यजमान ते विसरून गेले. सेक्रेटरीही विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं. डबीने मात्र लक्षात ठेवलं, आणि सोमवारी पासवर्ड बदलला तेव्हापासून माशांच्या तोंडात कण गेला नव्हता. सिस्टरांनी काही बोलायच्या आधी चिमूटभर दाणे पाण्यात टाकले. नऊ मासे असे उसळले, की अधिकाऱ्यांच्या फायलीवर पाणी उडालं.

"तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं," सेक्रेटरी पुटपुटले.

"माशांनी तरी विचारलं असतं," सिस्टर म्हणाल्या.

प्रकरण मिटलं, पण फॉर्म मिटेना. अधिकारी सेक्रेटरींच्या टेबलावर बसून घामाघूम झाले. तक्रार नोंदली गेली होती, आणि 'रोगाचं नाव' हा रकाना रिकामा ठेवून ती बंद करता येत नव्हती. त्यांनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, गेलाच आहात तर काहीतरी लिहून या. शेवटी त्यांनी लिहिलं: रोग, वायफाय. बाधित, अकरा. मृत, शून्य. बरे झालेले, शून्य. वेगळे ठेवलेले, अकरा.

"बरे झालेले शून्य लिहिलंत तर प्रकरण उघडं राहील," सिस्टर म्हणाल्या. फॉर्म त्यांना तोंडपाठ होते.

"मग अकरा बरे लिहू?"

"बरे कुठे झालेत? अजून कक्षात आहेत ना."

खोटं लिहू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे प्रकरण उघडं राहिलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी आरोग्य खात्यातून एका बाईंचा फोन येतो. "अकरा जण कसे आहेत?" सिस्टर तक्ते समोर घेऊन सांगतात, "दिवा नंबर तीन अधूनमधून लुकलुकतो. प्रिंटरला कागद अडकला होता, काढला. बाकी ठीक." त्या बाई लिहून घेतात. "ताप?" "टीव्हीला थोडा, मागच्या बाजूने." एकदा त्या बाईंची बदली झाली, तर नव्या बाईंना सगळी माहिती जुन्या बाईंनी व्यवस्थित दिली होती. पुसण्याची चौकशी नव्या बाईंनी नावाने केली.

सेक्रेटरींनी फळीवर सूचना लावली: 'इमारतीत कोणतीही साथ नाही. प्रत्येकाने आपल्या हुशार वस्तू वेगळ्या नेटवर ठेवाव्यात. मार्गदर्शन: सिस्टर.' खरं म्हणजे ही माफी होती, पण त्यांना सूचनेखेरीज दुसरं काही लिहिता येत नव्हतं. आणि त्यामुळे सिस्टरांना पुन्हा राउंड सुरू करावा लागला. रोज सकाळी दहाला त्या पुठ्ठा काखेत मारून एकेका मजल्यावर जात. गाणाऱ्या बाईंचा तंबोरा फोनवर वाजायचा. त्यांनी घाबरत विचारलं, "यालाही भरती करू का?" सिस्टर म्हणाल्या, "तो अ‍ॅप आहे, वस्तू नव्हे. त्याला बाहेरची हवा चालेल." दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब मावशीच्या गावाहून परत आलं, तेव्हा त्यांच्या कॉफीच्या मशीनची खाट तयार होती.

चौथ्या मजल्यावर एक घड्याळजी राहत, एकटेच. हात थरथरायला लागल्यापासून दुकान बंद केलं होतं. सिस्टरांनी बेल वाजवली, दोनदा, तीनदा. दार ठोठावलं. शेवटी शेजारच्यांकडून किल्ली घेऊन आत गेल्या, तर घड्याळजी खिडकीपाशी शांत बसलेले. सिस्टर समोर आल्यावर दचकले.

"बेल ऐकू आली नाही का?" सिस्टरांनी विचारलं.

त्यांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. मग टेबलावरची पत्र्याची डबी उघडून दाखवली. आत कापसावर दोन श्रवणयंत्रं, बारीक, कातडीच्या रंगाची.

"फोनला जोडलेली आहेत ना," ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "सूचना वाचली. म्हणून वेगळी ठेवली. आज सहावा दिवस."

सहा दिवस हा माणूस काही न ऐकता या खोलीत बसला होता, सिस्टरांनी सुरू केलेल्या शिस्तीपायी. सिस्टरांना बोलून उपयोग नव्हता. त्यांनी पुठ्ठ्यावरचा कागद उलटा केला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हे तुमचे कान आहेत. हे घरच्यांत.'

घड्याळजींनी दोनदा वाचलं. मग यंत्रं उचलली, पण बोटं थरथरत होती, तेव्हा सिस्टरांनीच ती हलक्या हाताने त्यांच्या कानात बसवली. एक बारीक शीळ वाजली आणि थांबली. घड्याळजींनी मान तिरकी केली.

"भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय," ते म्हणाले. "टिकटिक जड येतेय. तेवढं खाली काढून देता?"

सिस्टरांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढलं.